रिकाम्या हॉलचं माप

“काका, यंत्र लहान पडलंय,” हॉलवाला म्हणाला. आवाज असा, की जणू यंत्र टनकाकांच्या पोटी जन्मलं होतं आणि त्यांनी त्याला वेळेवर खायला घातलं नव्हतं.

टनकाका स्टुलावर उभे होते. हातात लांब काठी आणि काठीच्या टोकाला बांधलेला थर्मामीटर. बाहेर दुपारचं ऊन असं होतं, की कुत्रीसुद्धा भुंकायचं काम संध्याकाळवर ढकलून पडली होती. आत दारं लावलेली, पडदे ओढलेले, दिवे मालवलेले. छताखाली ओळीनं बसवलेली यंत्रं सकाळपासून इमानानं गार हवा ओतत होती. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये माणसं तीनच: हॉलवाला, टनकाका आणि दुकानातला तरुण इंजिनिअर. तरी भिंतीजवळ धरलेला पारा मात्र भरल्या सभेत असावा तिथे ठाण मांडून बसला होता.

“यंत्र लहान नाही,” टनकाका स्टुलावरून उतरत म्हणाले.

“मग हॉल मोठा झाला का रात्रीतून?”

“तसंही नाही.”

“मग मी काय समजू? रविवारी माझ्या मुलीचं लग्न आहे इथे. हॉलमधलं पहिलं कार्य. जावयाला घामानं आंघोळ घालून पाठवू?”

इंजिनिअर यंत्रांच्या तोंडाशी हात धरून आला. “हवा बर्फासारखी येतेय,” तो म्हणाला. “माझ्या कॉम्प्युटरनंही काकांचाच आकडा दिला होता. दोघांचा अगदी तंतोतंत.”

“वा,” हॉलवाला म्हणाला. “म्हणजे चूक दोघांची. वाटून घ्या.”

टनकाकांचं खरं नाव दुकानाच्या हजेरीपटावर असेल, पण ते वापरायची वेळ कुणावर आली नव्हती. एअर कंडिशनरचं माप ते टनात सांगत, म्हणून टनकाका. टन म्हणजे वजन नव्हे हे समजावण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. एक टन बर्फ दिवसभर वितळत राहिला तर जेवढी उष्णता पिऊन टाकेल तेवढी उष्णता काढणारं यंत्र ते एक टनाचं. एवढं रसाळ वर्णन ऐकूनही गिऱ्हाईक शेवटी विचारायचंच, “पण काका, आमची भिंत पेलेल ना?”

इतर दुकानांतले लोक जमिनीचं क्षेत्रफळ काढत, एका आकड्यानं भागत आणि चहा पीत. टनकाका आधी चहा पीत आणि मग प्रश्न विचारायला बसत. छत किती उंच? छतावर ऊन आहे की वर दुसरा मजला? पश्चिमेला काच किती? दार किती वेळा उघडणार? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, माणसं किती? कारण माणूस ही त्यांच्या मते चालतीबोलती शेगडी होती. नुसता बसला तरी एखाद्या मोठ्या दिव्याएवढा तापतो. उभा राहून बोलणारा बसून ऐकणाऱ्यापेक्षा जास्त तापतो. झोपलेला श्रोता सगळ्यांत कमी. सभागृहाचं माप घेताना ते गंभीरपणे विचारत, “भाषणं कंटाळवाणी असतात का? मग अर्धा टन कमी चालेल.” घरगुती गिऱ्हाइकाला विचारत, “नणंद उन्हाळ्यात येते का? मुलांसकट?” यावरून एका घरी नवराबायकोचं भांडण लागलं होतं, पण यंत्र बरोबर मापाचं बसलं.

माप त्यांचं कधी चुकलं नव्हतं. दुकानात एक नियमच होता, की ज्याचं माप चुकेल त्यानं पुन्हा टेप हातात धरायची नाही. हा नियम टनकाकांनीच, रक्त गरम असताना, मालकांकडून करून घेतला होता. त्यानुसार दोन चांगली माणसं टेप ठेवून पंखे विकायला गेली होती. आता निवृत्तीला काही महिने उरले होते आणि मालक म्हणाले होते, की तुमची टेप काचेच्या पेटीत घालून दुकानात लावू. टनकाकांनी “कशाला उगाच” म्हटलं होतं आणि पेटी कुठल्या भिंतीवर शोभेल हेही मनात ठरवून टाकलं होतं.

या हॉलबद्दल एक गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. हॉलवाल्यानं घेतली ती इमारत म्हणजे पूर्वीचं टेलिफोन एक्स्चेंज. दोन्ही लांब भिंतींना लागून ऑपरेटर मुली ओळीनं बसायच्या, तोंड भिंतीकडे, समोर तारा खुपसायचे भोकाभोकांचे फळे, कानाला हेडफोन. त्यांतली एक टनकाकांची ताई. आई गेल्यावर तिनं त्यांना वाढवलं, याच हॉलच्या पगारावर. लहानपणी ते फाटकाशी उभे राहून तिची वाट बघत. आत यायला बाहेरच्यांना मज्जाव होता. एक्स्चेंज बंद झालं, फळे भंगारात गेले, ताईलाही जाऊन वर्षं झाली. आणि आता टनकाका पहिल्यांदा आत आले होते ते टेप घेऊन.

हॉलवाला फोनवर आचाऱ्याशी भांडायला बाहेर गेला. टनकाकांनी थर्मामीटर काठीवरून सोडवला आणि हातात धरला.

“छताशी ठीक आहे,” ते म्हणाले. “जमिनीशी तर पाय गार पडतात. मग गरम आहे कुठे?”

ते मधून चालत गेले. मध्ये ठीक. उजव्या भिंतीच्या ओळीत शिरले. तिथे लग्नासाठी मांडलेल्या खुर्च्या होत्या, रिकाम्या. बसलेल्या माणसाचं डोकं येईल त्या उंचीवर थर्मामीटर धरला तशी काचेच्या नळीतली रेघ वर चढली. पुढे सरकले, उतरली. आणखी पुढे, चढली. खुर्चीपाशी चढायची, दोन खुर्च्यांच्या मध्ये उतरायची. टनकाका ओळीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. परत येताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण आडवे होऊन, पोट आत घेऊन चालतोय. थिएटरात उशिरा आलेला माणूस बसलेल्यांच्या गुडघ्यांसमोरून जातो तसे. आणि तोंडानं हळूच “जरा हं, जरा” म्हणतोय.

त्यांनी मान वर केली. समोरच्या भिंतीच्या ओळीतून इंजिनिअर येत होता. तोही आडवा.

दोघांची नजरानजर झाली. दोघांनीही पोटं सोडली आणि मोकळेपणानं चालायला लागले, काही झालंच नाही अशा थाटात. हा विषय दोघांनी तिथे काढला नाही. शिकल्यासवरलेल्या माणसांना अशा वेळी फार काम असतं.

दुसऱ्या दिवशी हॉलवाल्यानं चाचणी ठेवली. दुकानाचे मालक आले. हॉलवाल्यानं लग्नाला आलेले सगळे पाहुणे टेम्पोत घालून आणले आणि हॉलमध्ये ओतले. “बसा सगळे,” तो म्हणाला. “आणि श्वास घ्या.” पाहुणे आज्ञाधारक होते. भिंतीकडच्या ओळींवर गार हवा थेट यायची, म्हणून सगळे तिकडेच धावले.

टनकाका थर्मामीटर घेऊन उभे राहिले. माणसं आली की पारा चढणार, हे त्यांना पाठ होतं. पारा चढला नाही. हलला नाही. जणू आत कुणी आलंच नव्हतं. किंवा आधी जेवढे होते तेवढेच आताही होते.

“अरे, ही खुर्ची गरम आहे,” हॉलवाल्याची आत्या म्हणाली. “इथून आत्ता कोण उठलं?”

“कोणी नाही. तूच पहिली बसलीस,” हॉलवाला म्हणाला.

“मग गरम कशी? माणूस उठून गेल्यावर लागते तशी लागतेय.”

“माझीपण,” शेजारचे पाहुणे म्हणाले आणि जरासे कडेला सरकून बसले. त्यांच्या शेजारचेही सरकले. एकेक करून ती सगळी ओळ अर्ध्या अर्ध्या खुर्चीवर आली. थोड्या वेळानं आत्या उठली आणि घरी दूध उतू जात असेल म्हणाली. घरात इतर बायका होत्या, तरी त्या दुधाची काळजी एकाएकी सगळ्यांनाच लागली. हॉल पाच मिनिटांत रिकामा झाला आणि पारा तसाच राहिला.

हॉलवाला बराच वेळ खुर्च्यांकडे बघत उभा होता. तो मांडव घालून मोठा झालेला माणूस. वादळात उडालेला मांडव त्यानं धावत जाऊन पकडला होता असं लोक सांगत. घाबरणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं.

“मालक,” तो म्हणाला, “यंत्रं दुप्पट करा.”

“दुप्पट?” मालकांचा चेहरा उजळला आणि मग टनकाकांकडे बघून त्यांनी तो आवरला.

“दुप्पट केलं तर बिघडेल,” टनकाका म्हणाले. “जरुरीपेक्षा मोठं यंत्र हॉल झटक्यात गार करतं आणि बंद पडतं. हवेतली ओल काढायला त्याला सवडच मिळत नाही. थोड्या वेळानं पुन्हा सुरू, पुन्हा झटका, पुन्हा बंद. भिंतींना घाम येतो. हाडात शिरणारी गार ओल असते ती. तळघरात बसल्यासारखं वाटतं. माणूस तिथे टिकत नाही.”

“तेच पाहिजे मला,” हॉलवाला शांतपणे म्हणाला. “पाहुणे दोन तास टिकले तरी पुरे. जे कायमचे बसलेत ते उठले पाहिजेत. तुम्ही सही करा, काका. यंत्र वाढवायला मापवाल्याची सही लागते ना?”

“लागते,” मालक म्हणाले. “काका, दुप्पट लिहून टाका. हॉलचा वापर बदलला असं कारण घाला. तुमच्या मापाला बट्टा लागणार नाही. पेटी ठरल्याप्रमाणे.”

“उद्या सांगतो,” टनकाका म्हणाले.

घरी बायको शेंगा सोलत बसली होती. टनकाकांनी तिला सगळं सांगितलं, पोट आत घेतल्यासकट. तिनं मध्ये एकदाही हात थांबवला नाही.

“वन्सं तिथेच होत्या ना?” ती शेवटी म्हणाली.

“तिथेच.”

“मग त्या साहेबानं केलं तेच तुम्ही करणार म्हणा.”

साहेबाची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. त्या हॉलमध्ये पंखा लावायची मनाई होती, कारण पंख्याची घरघर फोनच्या लायनीत जायची. खिडक्या उघडायची मनाई होती, कारण रस्त्याचा आवाज जायचा. मुली उकडून निघायच्या. दर उन्हाळ्यात एखादी भोवळ येऊन फळ्यावर पडायची आणि दोन अनोळखी गावांची लाइन जुळून जायची. शेवटी ताईनं आणि तिच्या मैत्रिणींनी अर्ज केला, की हॉल गार करायचं यंत्र बसवा. अर्जावर एक साहेब आला. कामात अडथळा नको म्हणून सुट्टीच्या दिवशी आला. रिकाम्या हॉलमध्ये थर्मामीटर लावून बसला, त्याला छान गार वाटलं, आणि हॉल सुखद आहे, यंत्राची गरज नाही, असं लिहून गेला. फक्त माणसं धरायची राहिली. त्यावर ताई इतकी हसली होती, की शेजारीण काय झालं म्हणून विचारायला आली.

“मी त्यांना धरलं नाही, हे खरं,” टनकाका म्हणाले. “पण धरायचं कसं? आहेत असं तरी कसं लिहायचं?”

“पंगतीत जागा कमी पडली तर बसलेल्याला उठवतात का? सरकून बसतात.” तिनं सालं गोळा केली. “अहो, तुम्ही लोकांच्या नणंदा मोजत आलात आयुष्यभर. आता माझी मोजायची वेळ आली तर अडलात.”

सकाळी टनकाका हॉलवर एकटेच गेले. ऊन चढायची वाट बघितली, दारं लावली, यंत्रं सुरू केली आणि उजव्या ओळीपासून मोजायला लागले. घाई केली नाही. प्रत्येक खुर्चीपाशी थर्मामीटर धरायचा, रेघ थांबेपर्यंत उभं राहायचं, पुढे. काही जागा जास्त तापलेल्या होत्या. त्या बोलणाऱ्या असाव्यात, असं त्यांनी धरलं. एक अगदी कमी. झोप काढत असावी. सवयीनं त्यांनी तिला अर्धी धरली. मध्येच पाठीमागून एक उबदार झुळूक सावकाश सरकत गेली आणि ओळीच्या टोकाला जाऊन वळून आली. सुपरवायझर बाई. तिला त्यांनी उभी आणि चालती धरली, म्हणजे दीड.

डाव्या ओळीत शेवटून तिसऱ्या जागी रेघ चढली, पण पुरती चढली नाही. त्यांनी थर्मामीटर उजव्या अंगानं धरला, मग डाव्या. डावीकडे जास्त होतं. आणखी थोडं वर, कानाच्या उंचीवर, तर चटका बसेल इतकं.

हेडफोन एकाच कानाला असायचा. ताई कामावरून यायची तेव्हा तिचा डावा कान लालबुंद असायचा. “हात दे रे,” म्हणायची. टनकाका माठाला हात लावून गार करत आणि तिच्या कानावर धरत. हात तापला की पुन्हा माठ, पुन्हा कान. तिचे डोळे हळूहळू मिटत आणि मग ती स्वयंपाकाला उठायची.

टनकाकांनी थर्मामीटर खिशात घातला. यंत्राच्या झोतात तळहात धरून चांगला गार केला आणि त्या जागी, हवेत, नेऊन ठेवला. तळहाताला ऊब लागली. ती वाढत गेली. हात तापल्यावर त्यांनी तो पुन्हा झोतात धरला आणि पुन्हा आणून ठेवला. कितीदा ते त्यांनी मोजलं नाही. त्या दिवशी तेवढंच मोजायचं राहिलं. मग त्यांनी त्या जागेचा आकडा लिहिला, इतरांएवढाच, आणि उरलेली ओळ पुरी केली.

दुपारी दुकानात त्यांनी मालकांसमोर कागद ठेवला. दुप्पट नव्हतं. आहेत त्या यंत्रांत एका मध्यम यंत्राची भर होती. कारणाच्या जागी लिहिलं होतं: माणसं धरण्यात चूक झाली. खाली सही.

मालकांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला. “चूक कुणाची?”

“माझी. मीच माप घेतलं होतं.”

“अहो पण हॉल रिकामा होता.”

“म्हणूनच चुकलो.”

“काका, हे असं लिहून तुम्ही टेप घालवताय. दोघांना पंखे विकायला लावलंत तुम्ही. आता मी तुम्हाला सोडलं तर ते मला सोडणार नाहीत.”

“सोडू नका.”

इंजिनिअर कोपऱ्यातून उठून आला. “सर, आकडा बरोबर होता. मी कॉम्प्युटरवर तीनदा बघितला. काकांची चूक नाही.”

“तुझ्या कॉम्प्युटरमध्ये माणसांचा रकाना आहे ना?” टनकाकांनी विचारलं.

“आहे.”

“त्यात आपण लग्नाला येणारी माणसं घातली. असलेली घातली नाहीत. चूक माझी. तुला काय माहीत, तू नवा आहेस.”

इंजिनिअर टेबलाजवळ सरकला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “मीपण पोट आत घेतलं होतं, काका.”

“बघितलं मी. तुला पोट नाहीये, तरी घेतलंस. चांगली सवय आहे.”

हॉलवाल्याला समजावणं सोपं गेलं. मापवाल्यानं चूक कबूल केली एवढं ऐकूनच त्याचं समाधान झालं. दुसऱ्याची चूक निघाली की माणसाला खोलीत आपोआप गार वाटतं. त्यात पुन्हा दुप्पट यंत्राऐवजी एकात भागत होतं.

रविवारी हॉल भरला. जावई कोरडा होता. यंत्रं धापा न टाकता, न थांबता, गाढ झोपेतल्या माणसासारखा एकसारखा श्वास घेत होती. बरोबर मापाचं यंत्र तसंच चालतं. दाराशी हॉलवाला प्रत्येक पाहुण्याला सांगत होता, “अहो, त्या म्हाताऱ्याचं गणितच चुकलं होतं. मी धरलं म्हणून सापडलं.” पाहुणे हसत होते आणि टनकाकांकडे बघत होते. टनकाका पाठीमागच्या भिंतीशी उभे होते. टेप सकाळीच दुकानात इंजिनिअरच्या टेबलावर ठेवून आले होते. उद्यापासून त्यांना पंख्यांच्या काउंटरवर बसायचं होतं.

मधल्या सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. उशिरा आलेले लोक दाटीवाटीनं उभे होते. दोन्ही भिंतींच्या ओळी मोकळ्या होत्या. हॉलवाल्याची आत्या लेकी-सुना घेऊन आली तेव्हा व्यवस्था बघणारा माणूस तिला डाव्या ओळीकडे घेऊन गेला.

“बसा ना इथे, सगळी ओळ मोकळी आहे.”

आत्यानं ओळीवरून एकदा नजर फिरवली. घाबरली नाही. भरलेल्या बसमधून नजर फिरवावी तशी फिरवली.

“नको,” ती म्हणाली. “भरलीय ही.” आणि सुनांना घेऊन मधल्या गर्दीत शिरली.

व्यवस्थेचा माणूस टनकाकांकडे आला. “काका, तुम्ही तरी बसा. पाय दुखतील तुमचे.”

टनकाकांनी डाव्या ओळीकडे पाहिलं, शेवटून तिसऱ्या जागेकडे जरा जास्त वेळ.

“असू दे,” ते म्हणाले. “माणसं पुरती बसलीत. मापात मी स्वतःला उभाच धरलाय.”

आणि लग्न लागून हॉल रिकामा होईपर्यंत, म्हणजे लोक ज्याला रिकामा म्हणतात तसा होईपर्यंत, ते भिंतीला न टेकता उभे राहिले.